वासावरचं मीठ

कांताबाईंनी खिम्याची परात दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. समोर सोनाली मोबाईल धरून उभी होती.

"थांबा मावशी, पदर जरा मागे घ्या. हं, आता सांगा."

"चिमूटभर कमी आहे," कांताबाई म्हणाल्या.

"बघ!" सोनालीनं मान वळवून हॉलकडे ओरडून सांगितलं. "ऋषी, ऐकलंस का? चाखणं नाही, काही नाही. नुसता वास!"

हॉलमधून "भारी" असं उत्तर आलं. ऋषी खुर्चीवर चढून छताला चंदेरी झिरमिळ्या चिकटवत होता आणि चिकटपट्टी त्याच्या तोंडात होती, त्यामुळे कौतुक तेवढंच निघालं. कांताबाईंनी बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, खिम्यावर भुरभुरलं आणि पुन्हा मळायला लागल्या. व्हिडिओ झाला तशी सोनाली नखं रंगवायला बसली.

खरं सांगायचं तर परातीतून त्यांना कसलाही वास आला नव्हता. कांद्याचा नाही, मिऱ्यांचा नाही, ऋषीनं इंग्लंडहून जपून आणलेल्या त्या सुक्या पाल्याचाही नाही. नाकाशी परात धरली काय आणि भिंत धरली काय, दोन्ही सारखंच. दिवाळीच्या आधी आठ दिवस ताप येऊन गेला होता. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं भिजवलं, वाटी नाकाशी नेली. वाटीत नुसता चिखल होता. त्या दिवसापासून आजपर्यंत सगळं तसंच. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत. कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

ही गोष्ट डॉक्टर सोडून कांताबाईंनी कुणालाही सांगितली नव्हती, आणि सांगणार तरी कुठल्या तोंडानं? बिबवेवाडीतल्या या दोन-चार सोसायट्यांमध्ये त्यांचं नावच मुळी नाकावर चाललं होतं. कुणाकडे सत्यनारायण असो, गौरी असोत, पन्नास माणसांचा नैवेद्याचा स्वयंपाक असो, पातेल्यावर वाकून एक श्वास घेतला की त्या मीठ सांगायच्या. चाखलेलं देवाला चालत नाही. मग ज्या बाईला न चाखता कळतं तिला बोलावणं आलंच. तीस वर्षं असंच चाललं होतं. आता आडातच नव्हतं, पण पोहरा मात्र रोज सोडावा लागत होता.

दोन महिने त्यांनी निभावलं ते हाताच्या सवयीवर आणि कानांवर. वाटीभर डाळीला किती, पावशेर भेंडीला किती, ते बोटांना पाठ होतं. मोहरी कधी तडतडायची थांबते, कांदा कधी चरचरायचा कमी होतो, आमटीची उकळी पातळ आहे की दाट, ते कानांना कळायचं. इतकी वर्षं आपण कानांनीही स्वयंपाक करत होतो हे त्यांना नाक गेल्यावरच समजलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ त्यांनी आतापर्यंत झाकून ठेवली होती.

आज नेमकी पंचाईत झाली ती या परक्या पदार्थानं. ऋषी आणि सोनाली मागे दोन वर्षं इंग्लंडमध्ये होते. तिथल्या घरमालकिणीनं नाताळच्या जेवणात सॉसेजच्या खिम्याचे गोळे केले होते म्हणे, बाहेरून खरपूस, आतून मऊ. त्याची आठवण ऋषीला गेले चार दिवस छळत होती. काल तो कॅम्पातून सॉसेजचा चिकन खिमा घेऊन आला, एक किलो. आणि हे गोळे कढईत तळायचे नव्हते, तर ओट्यावरच्या त्या काळ्या पेटीत, एअर फ्रायरमध्ये करायचे होते.

"तेल नाही, वास नाही, धूर नाही," ऋषी म्हणाला होता.

मग राहिलं काय, असं कांताबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

आता तो खुर्चीवरून उतरून स्वयंपाकघरात आला, पेटीची वायर भिंतीत खुपसली आणि ओट्यावरचं खिम्याचं रिकामं पाकीट उचलून चाळा म्हणून वाचायला लागला.

"मावशी, यात मीठ नाही ना घातलंत? सॉसेजचा खिमा आहे हा. मीठ-मसाला सगळं घालूनच देतात ते."

कांताबाईंचे हात खिम्यात होते. ते तिथेच थांबले. परात नाकाशी नेण्याआधीच त्यांनी किलोच्या हिशेबानं नेहमीचं मीठ घालून टाकलं होतं. वरची चिमूट तर नुसती दाखवायला होती.

त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण सोनाली हॉलमधून आधी बोलली.

"अरे, वास घेऊन घातलंय त्यांनी! कमी होतं म्हणूनच घातलं ना. पाकिटावर काहीही लिहितात लोक."

"हो, तेही खरंच," ऋषी म्हणाला. "मावशींच्या नाकापुढे पाकीट काय!" त्यानं पेटीचं बटण कसं फिरवायचं ते पुन्हा एकदा दाखवलं, एकशे ऐंशीवर बारा मिनिटं, मधे एकदा हलवायचे, आणि किल्ली घेऊन केक आणायला बाहेर पडला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कांताबाई परातीकडे बघत उभ्या राहिल्या.

जेवायला सहा माणसं येणार होती आणि त्यांतल्या पाच जणांची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती बी विंगमधल्या रुपालीची. फेब्रुवारीत सोनाली आणि ऋषी पुन्हा इंग्लंडला चालले होते, या वेळी बरीच वर्षं. घर बंद होणार. मधली ती दोन वर्षं सोडली तर नऊ वर्षं कांताबाईंनी सकाळ-संध्याकाळ याच घरी स्वयंपाक केला होता. गुडघे आता असे झाले होते की बस बदलत हडपसरला जाऊन दारोदार घरं करणं जमण्यातलं नव्हतं. जे मिळेल ते इथेच, चालत जाण्याइतक्या अंतरावर मिळायला हवं होतं. सोनालीनं म्हणून रुपालीशी बोलून ठेवलं होतं. रुपालीच्या घरी तिच्या सासूबाई होत्या, यमुनाबाई, वय वर्षं ऐंशी. रोजचा नैवेद्य, आणि स्वयंपाक करताना कुणी चमचा तोंडाला लावलेला त्यांना खपत नसे. वर्षभरात तीन बायका सोडून गेल्या होत्या.

"आमच्या मावशी चाखतच नाहीत!" सोनालीनं अभिमानानं सांगितलं होतं. "ये नाताळला जेवायला, तूच बघ."

म्हणजे आजचे गोळे ही परीक्षा होती. आणि पेपर खारट झाला होता. किती खारट, तेच कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी लिंबाएवढा एक गोळा वळला आणि एकटाच पेटीत ठेवून खण आत ढकलला. पंखा घोंघावायला लागला. कांताबाईंनी पेटीला कान लावून पाहिला. चर्र नाही, फस्स नाही, काही नाही. नुसतं घूं घूं घूं. कढईत गोळा सोडला की तो बोलतो. आधी मोठ्यांदा, मग हळूहळू, झाला की गप्प. या पेटीनं त्यांचे कानसुद्धा काढून घेतले. त्या ओट्यापासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारत राहिल्या. पदरानं हात पुसले, परत पुसले. बारा मिनिटं एवढी मोठी असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

टिंग झालं. गोळा छान तांबूस झाला होता. चमच्यानं फोडला, आत शिजला होता, वाफ येत होती. दिसायला काही खोट नव्हती. आता हा कुणाच्या तरी जिभेवर ठेवायला हवा होता.

त्यांची स्वतःची जीभ शाबूत होती. नाक गेलं तरी खारट, गोड, आंबट जिभेला कळत होतंच. पण मार्गशीर्ष चालू होता. दरवर्षी त्या नुसते गुरुवार करायच्या. यंदा अख्खा महिना पाळला होता. मटण-मासे नाहीत, अंडंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या घरी शिजवायला हरकत नव्हती, ते पोटाचं काम. जिभेला लागता कामा नये. आणि हे व्रत कशासाठी धरलं होतं, तर नाकासाठी. पहिल्या गुरुवारी घटासमोर हात जोडून त्या म्हणाल्या होत्या, बाई, मला दुसरं काही नको, माझा वास मला परत दे. तीन गुरुवार झाले होते. उद्या चौथा, शेवटचा.

एका दिवसानं काय होतं? हाच तर प्रश्न होता. एका दिवसानंच सगळं होतं.

अकराला दीपाली भांडी घासायला आली. कांताबाईंनी अर्धा गोळा वाटीत घालून तिच्यापुढे केला.

"जरा चाखून बघ गं. मिठाला कसा झालाय?"

दीपाली दोन पावलं मागे सरकली. "अहो मावशी, महिना चाललाय! माझा पण आहे ना. विसरलात की काय?" मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "आणि तुम्हाला कशाला चाखायला लागतंय? तुम्ही तर वासावर सांगता."

"सर्दी झालीये."

"मग वाफ घ्या," दीपाली म्हणाली आणि नळ सोडला.

कांताबाईंनी वाटीवर बशी झाकली आणि लिफ्टनं खाली आल्या. फाटकाशी कोंडीराम वॉचमन वही पुढ्यात घेऊन खुर्चीत बसला होता. गावाकडचा माणूस, बोलायला मोकळा. कांताबाईंनी वाटी पुढे केली आणि काय हवं ते सांगितलं. त्यानं शर्टाची वरची गुंडी काढून गळ्यातली तुळशीची माळ बाहेर ओढली आणि दाखवली.

"अरे देवा," कांताबाई म्हणाल्या.

"सात वर्षं झाली घातली त्याला," कोंडीराम म्हणाला. "त्या मोत्याला घाला की. तो खाईल."

सोसायटीचा मोत्या खुर्चीखाली पसरला होता. खिम्याच्या वाऱ्यानं त्यानं डोकं वर केलंच होतं.

"तो खाईल रे. पण सांगेल काय?"

"ते बी खरं हाय," कोंडीराम म्हणाला आणि विचारात पडला. कांताबाई थांबल्या नाहीत. अख्ख्या पुण्यात आज खाणारी लाखो तोंडं असतील, पण या इमारतीत सकाळी अकरा वाजता एक अर्धा गोळा चाखायला एक जीभ मिळू नये म्हणजे कमाल झाली. लिफ्ट कुणीतरी वर नेली होती. त्या जिन्यानं चढल्या; गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला जाब विचारला.

वर आल्या तर दीपाली गेलेली, आणि न्हाणीघरातून सोनालीच्या केस वाळवायच्या यंत्राचा आवाज येत होता. दार हाताच्या अंतरावर होतं. ताई, जरा चाखून बघा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी दारावर टकटक करायला हात वर केला. मग डोळ्यांपुढे सोनालीचा चेहरा आला: चाखून? मी? का मावशी? दीपालीला सर्दी पुरली. सोनालीला पुरली नसती. ती गोड मुलगी होती, पण प्रश्न विचारायला लागली की तळ गाठायची. आणि एकदा ते बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत बी विंगला पोचणार. कांताबाईंना भीती वाटली. अगदी लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. त्यांनी हात खाली घेतला.

स्वयंपाकघरात येऊन त्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिकडे देव वगैरे काही नव्हते, मायक्रोवेव्ह होता.

"रागावू नको," त्या पुटपुटल्या आणि अर्ध्यातला अर्धा तुकडा तोंडात टाकला.

मीठ! जिभेच्या दोन्ही कडांना चटका बसावा इतकं मीठ. पाण्याचा पेला पुढे असता तर त्यांनी आधी तो घेतला असता. थुंकून टाकावा का, म्हणजे कदाचित मोडलं असं धरणार नाहीत, असा विचार आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. देवीपुढे वकिली करायची, तीही तोंडात घास धरून! त्यांनी तो गिळला.

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. कुकरमध्ये चार बटाटे चढवले. पावाच्या उरलेल्या सगळ्या स्लाइस पेटीत वाळवून त्यांचा चुरा केला, चला, त्या पेटीचा काही उपयोग तरी झाला. ऋषीनं लिहून दिलेल्या कृतीच्या कागदावर एक सफरचंद लिहिलं होतं, त्यांनी तीन किसले. कांदा आणखी चिरला. बटाटे सोलून गरम गरमच कुस्करले, हात भाजले तरी. सगळं खिम्यात मळलं, गोळा केला, पेटीत घातला, फोडला, चाखला. अजून खारट. परत बटाटा, परत चुरा. दुसरा गोळा चाखला. तिसरा. एकदा मोडल्यावर हिशेब कसला ठेवायचा! तिसऱ्याला मीठ जागेवर आलं. त्यांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना फार वाईट वाटत होतं.

सोनाली केस मोकळे सोडून आली आणि परातींकडे बघतच राहिली.

"इतके? ऋषी तर तीस-पस्तीस होतील म्हणाला होता."

"वाढतात," कांताबाई म्हणाल्या. "मळण्यावर असतं."

दीड वाजता पानं वाढली. कांताबाई पेटीतून दहा-दहा गोळे काढून बशीत रचत होत्या आणि बाहेरचं बोलणं ऐकत होत्या. ऋषी पहिला घास खाऊन म्हणाला की तिथल्यापेक्षा हे भारी आहेत, यांना काहीतरी आपलेपणा आहे. असणारच, निम्मा बटाटा होता. कुणीतरी चिंचेची चटणी मागितली. मग एक बायकी, स्पष्ट आवाज आला.

"मीठ मात्र अगदी नेमकं आहे हं."

"न चाखता!" सोनाली म्हणाली. "महिना पाळतात त्या, जिभेला लावत नाहीत. सगळं वासावर. थांब, व्हिडिओ दाखवते."

आणि तो व्हिडिओ लागला. थांबा मावशी, पदर जरा मागे घ्या. चिमूटभर कमी आहे. बघ! कांताबाईंनी आत उभ्या उभ्या आपलाच आवाज ऐकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातातला चिमटा त्यांनी खाली ठेवला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण त्या टाळ्या सोसेनात.

रुपाली हात धुवायला आत आली. चाळिशीची, चष्मा लावलेली, घड्याळावर नजर असलेली बाई होती.

"मावशी, आता माझ्याबरोबर खाली येता का पाच मिनिटं? आईंना एकदा भेटा. एरवी त्या दुपारच्या झोपतात, आज तुमच्यासाठी जाग्या आहेत."

बी विंगपर्यंतचं अंतर ते केवढं, मधे एक बाग आणि सायकलींचं स्टँड. तेवढ्यात रुपालीनं सगळं सांगून टाकलं. तीन शेगड्यांचा गॅस, मिक्सर नवीन, सुट्टी हवी तेव्हा घ्या. फक्त आईंचं तेवढं चाखण्याचं सांभाळा. कांताबाई हूं हूं करत होत्या. डोक्यात एकच चाललं होतं: जमेल. आमटी-भाजी-भात-पोळी, हातात आहे सगळं. परके पदार्थ तिथे कोण करायला सांगतंय? वर्ष जाईल, दोन वर्षं जातील, कुणाला कळणार नाही. आणि तेवढ्यात नाक आलंच परत तर... पण ते कशाला येईल आता?

यमुनाबाई स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. बारीक, ताठ, पांढऱ्या केसांची वेणी पाठीवर. ओट्याच्या कोपऱ्यात फळीवर देव होते, त्यांच्यापुढे झाकलेलं ताट.

"वरून आलीस ना? काय काय शिजवून आली असशील. हात-पाय धू आधी."

कांताबाई मोरीत जाऊन हात-पाय धुऊन, चूळ भरून आल्या.

"सूनबाई म्हणते तू नाकानं स्वयंपाक करतेस. आमच्याकडे हातानं केलेला चालेल." यमुनाबाईंनी गॅसकडे बोट केलं. "ती कढी मी केलीये. मीठ सांग."

कढीखाली बारीक आच होती. कांताबाई पातेल्यावर वाकल्या. वाफ गालांना लागली, चष्मा नसल्यानं डोळ्यांत गेली, नाकाच्या शेंड्यावर थेंब जमले. ऊन ऊन, ओलं ओलं, एवढंच. आलं असेल, कढीपत्ता असेल, तूप-जिऱ्याची फोडणी असेल. कशाचाही पत्ता नव्हता. त्यांनी आणखी एकदा श्वास ओढला, सगळा जीव नाकात आणून.

काय सांगायचं? चिमूटभर कमी. नेहमीचं, खपणारं उत्तर. किंवा बरोबर आहे म्हणायचं. म्हाताऱ्या माणसानं केलेली कढी, बरोबरच असणार, आणि तिला बरं वाटेल. दोन्हींतलं एक बरोबर निघण्याची शक्यता बरीच होती. रुपाली दारात हाताची घडी घालून उभी होती, चेहऱ्यावर आधीच समाधान. यमुनाबाई बघत होत्या. देव बघत होते म्हणायला हरकत नाही, त्यांची तोंडं इकडेच होती.

सकाळी ज्या देवीची आण मोडली तिच्याच पंगतीला बसलेले हे देव. त्यांच्या पुढ्यात उभं राहून नाकाचं नाव सांगून खोटं बोलायचं, ते आज एकदा नाही, रोज, दोन्ही वेळा. कांताबाईंना एकदम थकल्यासारखं झालं.

त्यांनी पातेल्यातली पळी उचलली, दोन थेंब डाव्या तळहातावर घेतले आणि चाटले.

"अहो मावशी!" रुपाली ओरडली.

"मीठ नाहीये," कांताबाई म्हणाल्या. "कमी नाही, नाहीच आहे."

रुपाली पुढे येऊन पातेल्याकडे बघायला लागली, जणू कढीत काही पडलं होतं.

"मला वास येत नाही," कांताबाई यमुनाबाईंना म्हणाल्या. "दिवाळीपासून. सोनालीताईंना माहीत नाही, त्यांची काही चूक नाही. वरचे गोळेही मी चाखून केले. मला तुमचं घर हवं होतं म्हणून आले इथवर. पण हे नाही व्हायचं माझ्याकडून." एवढं बोलून त्यांनी पळी मोरीत ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि जायला वळल्या.

"थांब," यमुनाबाई म्हणाल्या. "मीठ मी घातलंच नव्हतं. मागच्या तिघी काय म्हणाल्या माहितीये? एक म्हणाली बेताचं आहे. एक म्हणाली अंमळ जास्त झालंय. तिसरी म्हणाली, आजी, तुमच्या हाताला चवच वेगळी."

रुपालीनं सासूकडे बघितलं. "आई, तुम्ही परीक्षा घेत होतात?"

"तू नोकरीसाठी तीन ठिकाणी मुलाखती देतेस, मी एक घेतली तर कुठे बिघडलं?" यमुनाबाईंनी खुर्चीचा हात धरून जरा सरळ बसून घेतलं. मग कांताबाईंना म्हणाल्या, "मला कधीच नव्हतं बरं का ते, नाक वगैरे. साठ वर्षं नैवेद्याचं केलं, न चाखता. सगळा अंदाजपंचे कारभार. देवानं कधी अळणी खाल्लं, कधी खारट खाल्लं. बिचारा बोलला नाही. हे मात्र बोलायचे, आमचे, रोजच्या रोज."

कांताबाईंना हसू आलं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"उद्या गुरुवार," यमुनाबाई म्हणाल्या. "शेवटचा. पुरणाचा नैवेद्य आहे. सातला ये."

"उद्या माझा उपास..." कांताबाईंनी सुरुवात केली. उपास कुठला? तो सकाळी अकरालाच संपला होता, एका घासात. तरी उद्या तोंडात काही घालायला हात धजणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं. "नाही चाखता येणार मला. कटाची आमटी असेल, सगळंच असेल. अंदाजानं कसं करू?"

यमुनाबाईंनी फळीवरच्या देवांकडे एकदा पाहिलं, आणि मग ओट्याला धरून उठायला लागल्या.

"मग मी चाखीन," त्या म्हणाल्या.